जगदाळ्यांनी बंद केलेला गिअरबॉक्स

निशिकांत देवधर यांनी गणपत जगदाळे यांना फसवलं. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळात गेलं वर्षभर बरोबर याच्या उलट सांगितलं जातंय, आणि सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांना गिअरबॉक्स गाडीत कुठे असतो हेही माहीत नाही. देवधर म्हणजे बायपासवरच्या एका मोठ्या, काचेच्या वर्कशॉपचे सर्व्हिस मॅनेजर. जगदाळे म्हणजे बागबाजारच्या गल्लीत पत्र्याच्या शेडखाली ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम करणारे निवृत्त हवालदार. दोघेही मराठी, दोघेही मंडळाचे सभासद. मध्ये मी आणि माझी एक पांढरी गाडी. माझं काय नुकसान झालं ते मी वेगळं बघून घेईन. हे जगदाळ्यांबद्दल आहे.

मी कोलकात्याला आलो तो इचलकरंजीच्या कापडाचे नमुने पिशवीत घेऊन. आज माझ्या अकरा गाड्या कंपन्यांकडे आणि बँकांकडे महिन्याच्या करारावर जातात. त्यांतल्या आठ मी जुन्या घेतल्या, आणि आठही ऑटोमॅटिक. जुनी ऑटोमॅटिक गाडी घ्यायला लोक घाबरतात. गिअरबॉक्स गेला तर गाडीपेक्षा खर्च जास्त, असं त्यांना वाटतं आणि ते खरं आहे. म्हणून ती स्वस्त मिळते. स्वस्त घेऊन चालवायची तर गिअरबॉक्स जाता कामा नये. तो जाऊ नये याची व्यवस्था म्हणजे जगदाळे.

ते मूळचे कोरेगावकडचे. फौजेत गाड्या दुरुस्त करणाऱ्या तुकडीत होते. शेवटची नेमणूक फोर्ट विल्यमला. निवृत्त झाल्यावर बाकीचे गावाकडे गेले, हे गेले नाहीत, कारण तोवर मिनतीकाकूंशी लग्न झालेलं होतं आणि काकूंनी बागबाजार सोडायला साफ नकार दिला होता. जगदाळे हे नाव बंगाली जिभेवर टिकलं नाही, त्यामुळे गल्ली त्यांना जोगूदा म्हणायची. एकेकाळी मराठ्यांच्या धास्तीने शहराभोवती खंदक खणला होता, तो इथूनच सुरू व्हायचा. मंडळात नवीन बदलून आलेला प्रत्येक अधिकारी ही माहिती त्यांना पहिल्यांदाच देतोय अशा थाटात द्यायचा. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "मी लग्न करून आलो. खंदकाचा उपयोग नसतो."

सत्तरी ओलांडली तरी खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट कडक इस्त्रीचा. गाडीखाली जाताना वरून जुना डगला घालायचे, बाहेर आले की डगला खुंटीला आणि इस्त्री जशीच्या तशी. कामाच्या टेबलावर काकूंची लाल काठाची जुनी, धुतलेली साडी अंथरलेली असायची. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा मेंदू म्हणजे तळहाताएवढा, आत सगळे गल्लीबोळ असलेला एक धातूचा ठोकळा असतो, त्याला व्हॉल्व बॉडी म्हणतात. त्यातून तेल फिरतं आणि कुठला क्लच कधी दाबायचा ते ठरवतं. त्यात धुळीचा एक कण गेला तरी गाडी वेड्यासारखी वागते. त्यामुळे त्या साडीपासून चार हातांवर कोणी शिंकलं तरी जगदाळे काम थांबवून त्या माणसाकडे बघत राहायचे. तो गेला की पुन्हा सुरू.

त्यांचं म्हणणं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि नंतर कधी त्यात एक शब्द वाढवला नाही.

"गाडी विकत घेताना गिऱ्हाईक दहा मिनिटं चालवून बघतं. दहा मिनिटं मऊ लागली की घेतं. म्हणून कारखान्यातून निघतानाच क्लच हळूहळू दाबेल अशी सोय केलेली असते. हळूहळू दाबला की तो घसरतो. घसरला की तापतो. तापला की जळतो. अरे माने, धरायचं तर धर, नाहीतर सोड. हे काय, पाहुण्यांसारखं हात धरून उभं राहायचं."

मग ते काय करायचे, तर व्हॉल्व बॉडीतल्या तीन-चार स्प्रिंगा काढून जास्त ताकदीच्या घालायचे. तेल ज्या पत्र्याच्या भोकांतून क्लचकडे जातं त्यांतली दोन-तीन भोकं किंचित मोठी करायचे. किंचित म्हणजे किती, हे मी पुष्कळदा विचारलं. ते मशीन वापरत नसत. बारीक ड्रिलचं पातं दोन बोटांत धरून फिरवायचे, थांबायचे, दिव्यासमोर धरायचे, परत फिरवायचे. भोक मोठं झालं की तेल झटकन पोचतं, क्लच झटकन धरतो, मधलं घसरणं संपतं. शिवाय पुढे तेल थंड करणारी एक जादा जाळी. एवढ्यावर माझ्या गाड्या सियालदहच्या फळबाजारासमोरच्या कोंडीत, उन्हाळ्यात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये वर्षानुवर्षं रांगत आल्या, आणि तेल काढलं की लालच निघालं. ज्यांच्या गाड्यांत ते काळं निघतं त्यांनाच याची किंमत कळेल.

काम झालं की परीक्षा. गाडीच्या मालकाला मागच्या सीटवर बसवायचं, हातात कोपऱ्यावरच्या टपरीतला मातीच्या कपातला चहा द्यायचा, काठापासून बोटभर कमी. गाडी ते स्वतः चालवायचे, श्यामबाजारच्या पाच रस्त्यांपर्यंत आणि परत. चहा सांडला तर स्प्रिंग फार कडक झाली, गाडी परत शेडमध्ये. चहा अजिबात हलला नाही तरीही गाडी परत शेडमध्ये, आणि त्या वेळी तोंड जास्त वाईट. प्रत्येक गिअरला चहा एकदा हलला पाहिजे आणि लगेच थांबला पाहिजे. माझ्या पहिल्या गाडीला माझ्या पँटवर दोनदा चहा सांडला. तिसऱ्यांदा नीट झालं, मी तसं म्हणालो. ते म्हणाले, दुसऱ्यातून तिसऱ्यात पडताना तू चहाकडे बघत नव्हतास, मिठाईच्या दुकानाकडे बघत होतास. पुन्हा गेलो.

मी भाव करतो. त्याशिवाय मी इथवर आलो नसतो. पहिल्या कामाला गाडी वर उचललेली, गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं ताट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चेंबर, उघडलेलं. मी म्हणालो, काका, दोन हजार कमी करा. त्यांनी चेंबर उचललं, जागेवर धरलं आणि एक बोल्ट फिरवून बसवला. मी म्हणालो, बरं, हजार. दुसरा बोल्ट. निदान पाचशे. तिसरा. मी चौथ्या बोल्टला थांबलो. कापडाच्या बडा बाजारात इतक्या लवकर मला कोणी थांबवलेलं नाही.

त्यांच्या दोन सवयी इथे नीट सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांवर आहे. पहिली सवय म्हणजे काढलेल्या मूळच्या स्प्रिंगा ते एका फडक्यात बांधून मालकाच्या हातात द्यायचे. "ह्या तुझ्या. सांभाळ." सांभाळून करायचं काय हे ते सांगत नसत. मी त्या पुरचुंड्या गाडीचा नंबर लिहून घरच्या लोखंडी कपाटात टाकायचो. माझी बायको वैतागायची. मुलीला तर त्या पुरचुंड्या म्हणजे माझा देवधर्म वाटायचा. दुसरी सवय अशी की गिअरबॉक्स बंद करण्याआधी ते चेंबरच्या आतल्या कडेवर, जिथे तेल चढतं तिथे, फौजेतल्या जुन्या पंचांनी ठोकून स्वतःच्या नावाची दोन इंग्रजी अक्षरं आणि महिना-वर्ष उमटवायचे. मी एकदा विचारलं की आत कोण बघणार आहे.

"जो उघडेल तो. त्याला कळायला नको, शिव्या कोणाला घालायच्या?"

संक्रांतीला त्यांच्याकडे गुळाच्या पोळ्या असायच्या, पण त्यात खजुराचा नोलेन गूळ. कामगार असोत की अधिकारी, सगळ्यांना काकू त्यांच्या मराठीत वाढायच्या. ती मराठी त्यांनी नवऱ्याकडून घेतलेली, त्यामुळे सगळी हुकमांची. "बस. खा. उठू नको." मंडळाच्या बायकांनी पहिल्या वर्षी ह्या पोळ्या खऱ्या नव्हेत असं सांगितलं आणि दुसऱ्या वर्षी गूळ कुठे मिळतो ते विचारलं.

आता पांढरी गाडी. ही माझी सगळ्यांत चांगली, एका बँकेच्या विभागीय अधिकारी बाईंकडे लागलेली. बाई पुण्याहून बदलून आलेल्या. त्यांनी मला बोलावून सांगितलं की गाडी हिसके देते, त्यांची आधीची देत नव्हती. मी जगदाळ्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्यांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, करार पुढच्या महिन्यात संपतो ना? त्याच आठवड्यात मंडळाच्या तिळगुळाला देवधर भेटले. गोरे, हसतमुख, बोलताना दुसऱ्याच्या दंडाला हात लावणारे. म्हणाले, मानेसाहेब, आणा की आमच्याकडे, संपूर्ण तपासणी मोफत करून देतो, आपलीच माणसं. मोफत हा शब्द कानावर पडल्यावर मी आजवर कधी शहाणपणाने वागलेलो नाही. गाडी नेली. जगदाळ्यांना सांगितलं नाही. हे मीच केलं, आणि ते इथे लिहून ठेवतो.

गाडी परत आली ती लोण्यासारखी. गिअर पडतोय हे कळायचंच नाही. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, तेल तपासलं, सर्वसाधारण तपासणी केली. बाईंनी करार वाढवला. मी देवधरांना मिठाई पाठवली.

चार महिन्यांनी, ऐन वैशाखात, उड्डाणपुलाच्या चढावर गाडीचं इंजिन ओरडायला लागलं आणि चाकं हलेनात. ड्रायव्हरने गाडीतल्या कार्डावरचा नंबर लावला, तो त्याच वर्कशॉपचा. त्यांनी गाडी ओढून नेली, उघडली आणि मला अहवाल दिला. बाहेरच्या मेकॅनिकने गिअरबॉक्समध्ये केलेल्या छेडछाडीमुळे क्लच जळाले, नवीन गिअरबॉक्स घ्यावा. पुरावा म्हणून एक फोटो जोडलेला. चेंबरची आतली कड, काळं पडलेलं तेल, आणि त्यात ठळक दोन अक्षरं, महिना आणि वर्ष.

मी तो कागद घेऊन बागबाजारला गेलो आणि गल्लीतल्या लोकांनी खिडक्या उघडेपर्यंत ओरडलो. काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. फौजेचा उद्धार झाला, कोरेगावचा झाला. जगदाळे साडीसमोर उभे राहून ऐकत होते. माझा दम संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की गाडी इथे आणता येईल का.

आणली. त्यांनी उघडली. व्हॉल्व बॉडी साडीवर ठेवून एकेक स्प्रिंग काढली आणि ओळीने मांडली. पत्र्याची भोकं दिव्यासमोर धरून पाहिली. मग बाजूला झाले.

"हे माझं नाही. ह्या कारखान्याच्या स्प्रिंगा आहेत. पत्राही नवा आहे, भोकं बारीक. ह्या गाडीची पुरचुंडी तुझ्याकडे असेल ना?"

मी घरी जाऊन कपाट उपसलं. पुरचुंडी होती. मूळच्या चारही स्प्रिंगा तिच्यात. म्हणजे कारखान्याच्या चार स्प्रिंगा माझ्या फडक्यात आणि कारखान्याच्या दुसऱ्या चार गिअरबॉक्समध्ये. जगदाळ्यांच्या कडक स्प्रिंगा कुठेच नाहीत. कोणीतरी त्या काढून टाकल्या होत्या, मऊ गिअर करून दिला होता, तो घसरून घसरून जळला होता, आणि चेंबर मात्र तेच जुनं परत लावलं होतं. आत नाव एकाच माणसाचं, कारण ह्या शहरात आत नाव लिहिणारा माणूस एकच.

"मध्ये गाडी कुठे गेली होती?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी हात पुसले.

"मला विचारायला काय झालं होतं, माने?"

एवढंच. माझ्या ओरडण्याबद्दल ते तेव्हाही काही बोलले नाहीत आणि नंतरही नाही. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर माझं काम सोपं झालं असतं.

मी पुरचुंडी आणि गिअरबॉक्समधून निघालेल्या चार स्प्रिंगा घेऊन देवधरांच्या काचेच्या खोलीत गेलो. त्यांनी कॉफी मागवली. मी आठ स्प्रिंगा त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि कुठल्या कुठून आल्या ते समजावलं. ते म्हणाले की कंपनीच्या मापाचे भाग बसवणं हे त्यांच्या वर्कशॉपचं कर्तव्यच आहे.

"म्हणजे तुम्ही बदलले."

"मी असं म्हटलेलं नाही."

"मग कोणी बदलले?"

"मानेसाहेब, आत त्यांचं नाव आहे. आमचं आहे का कुठे?" असं म्हणून त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. मी तो हात झटकला, कॉफी सांडली, त्यांच्या सुरक्षारक्षकाने मला दारापर्यंत सोडलं. यातलं कॉफीचं तेवढं मंडळात सगळ्यांना माहीत आहे.

त्याच संध्याकाळी तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर आला. वर लिहिलेलं, सभासदांनी सावध राहावं. कोणाचंही नाव न घेता. नाव घ्यायची गरजच नव्हती, फोटोत होतं. आमच्यातल्या ज्या अधिकाऱ्यांनी आयुष्यात कधी स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडलेलं नाही त्यांनी खाली हात जोडले. ग्रुपवरून तो फोटो गाड्या भाड्याने देणाऱ्या इतर लोकांपर्यंत गेला. ते मला फोन करून विचारायचे, खरं का रे? मी खरं सांगायचो. ते हो हो म्हणायचे आणि गाडी दुसरीकडे न्यायचे.

तरीही काम येत राहिलं असतं. जुनी बंगाली गिऱ्हाईकं फोटो बघून घाबरणारी नव्हती. काम बंद केलं ते जगदाळ्यांनी स्वतः. फौजेत म्हणे गाडीच्या कागदावर चुकीची नोंद असेल तर ती गाडी रस्त्यावर आणत नाहीत. आधी नोंद दुरुस्त करायची, मग गाडी. त्यांनी हा नियम स्वतःला लावला. देवधरांनी एक ओळ लिहून द्यावी की स्प्रिंगा आम्ही बदलल्या होत्या. ती ओळ येईपर्यंत ते कुठल्याही गिअरबॉक्सचा एकही बोल्ट फिरवणार नाहीत.

मी दोन्हीकडे सौदा करायचा प्रयत्न केला, तेवढंच मला येतं. देवधरांना निरोप पाठवला की माझ्या अकराच्या अकरा गाड्यांची सर्व्हिस तुम्हाला देतो, ती एक ओळ द्या. मंडळाच्या कार्यक्रमात त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, लेखी नको, मी त्यांना तोंडी दिलगिरी सांगतो, विषय मिटवू. मला वाटलं, हे जमेल. बागबाजारला जाऊन सांगितलं. जगदाळे म्हणाले, "फोटो तोंडी पाठवला होता का त्यांनी?"

मग मी काकूंना मध्ये घातलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "बस. चहा पी. जा." त्यांच्या मराठीत यापेक्षा स्पष्ट नाही म्हणता येत नाही.

माझ्या गाड्यांचं काय व्हायचं ते होईल. जगदाळ्यांचं काय होतंय ते मला दिसतं. ते काम बोटांचं आहे. भोक किती मोठं करायचं हे त्यांनी कुठेही लिहून ठेवलेलं नाही, मापाची पट्टी नाही, शिकवलेला कोणी नाही. एकदा मी म्हणालो, निदान मला तरी सांगून ठेवा. ते म्हणाले, सांगण्यासारखं असतं तर फौजेने पुस्तकात छापलं असतं. वर्षभर त्या बोटांनी पातं धरलेलं नाही. मागच्या भेटीत ते हाताची मूठ उघडून-मिटून बघत होते. मी बघतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी हात खिशात घातला.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो होतो. शेड रोज सकाळी आठला उघडते आणि सहाला बंद होते, त्यात खंड नाही. इस्त्रीचा शर्ट घालून ते स्टुलावर बसलेले. मला बघून विचारलं, लिहून आणलंस? मी नाही म्हणालो. त्यांनी दुसरं स्टूल पुढे सरकवलं. तेवढ्यात सियालदहच्या बाजारातला एक फळांचा व्यापारी त्याची जुनी ऑटोमॅटिक घेऊन आला. इंजिन बंद करायच्या आधीच जगदाळ्यांनी हात वर करून त्याला थांबवलं, गाडी दोनदा पुढे-मागे करायला लावली, डोळे मिटून ऐकलं, आणि हिंदीत त्याला सगळं सांगितलं. दुसऱ्या-तिसऱ्याचा क्लच घसरतोय, अजून जळलेला नाही, दोन महिने हातात आहेत, कुठली स्प्रिंग बदलायची, तेल कुठलं घालायचं. व्यापारी म्हणाला, तो आप ही कर दीजिए ना जोगूदा, और किसको दूँ?

ते म्हणाले, "मेरा काम बंद है।"

व्यापाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. गाडी निघाली. जगदाळे उठून गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि तिथे उभे राहिले. मोठ्या रस्त्याला लागल्यावर गाडीने वेग घेतला, इंजिन नुसतं चढत गेलं, चढतच गेलं, आणि बऱ्याच वेळाने, कुरकुरत, तिसरा गिअर पडला. तोवर ते हलले नाहीत.

देवधर, ह्या कामात माझी चूक काय झाली ते मी वर लिहिलं आहे, नाव घालून. आता तुमची पाळी. तुमच्या वर्कशॉपमध्ये त्या गिअरबॉक्समधून स्प्रिंगा कोणी काढल्या, कोणाच्या सांगण्यावरून काढल्या, आणि कागदावर फक्त तेल तपासलं असं का लिहिलं, याचं उत्तर मला लेखी पाहिजे, सहीसकट, आणि ज्या ग्रुपवर तो फोटो टाकलात त्याच ग्रुपवर पाहिजे. मला दंडाला हात नको, कॉफी नको. तो माणूस एकाहत्तर वर्षांचा आहे आणि रोज सकाळी आठला शेड उघडून बसतो. उत्तर द्या.